‘खाडीतला खंजीर’चा पहिला भाग

सीडी शेवटी मसुऱ्यालाच राहिली. हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरून चालू. कारण दोन हजार आठ सालच्या जुलैतल्या त्या रविवारी सकाळी गुरुदास मोंडकर कपाटापुढे स्टुलावर उभा होता, स्टूल डुगडुगत होतं, खाली त्याची बायको किशोरी उभी होती, आणि सीडी कपाटातच कुठेतरी आहे यावर दोघांचाही विश्वास होता. निदान गुरुदासचा तरी होता.

"गावली?"

"गावतली गो."

"कदी? बाबांचा वर्षश्राद्ध झाल्यार?"

गुरुदास वरच्या फळीवर हात फिरवत राहिला. स्टुलावरच्या माणसाने वाद घालू नये, एवढं व्यवहारज्ञान त्याच्याकडे होतं.

मालवण बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात तो यंत्र सांभाळी. आठवड्याचे सहा दिवस तो पाण्याचा बर्फ करी, आणि त्याचं पुन्हा पाणी व्हायच्या आत मासळीवाले तो उचलून नेत. सातव्या दिवशी तो संग्राहक असे. गावोगावच्या व्हिडिओ लायब्रऱ्या बंद पडत होत्या, मुंबईला बिऱ्हाड हलवणारे लोक टीव्हीखालचे खोके रिकामे करत होते. अशा ठिकाणी जाऊन गुरुदास पिक्चरच्या वापरलेल्या सीड्या विकत घेई आणि जत्रांमध्ये टेबल मांडून विकी. निदान विकायला बसे. गिऱ्हाइकाने एखादी सीडी फार आवडीने हातात घेतली की ती चांगली असावी असा गुरुदासला संशय येई, आणि तो ती काढून घेई.

कपाटाला तीन फळ्या होत्या. पहिलीवर विकायच्या, दुसरीवर न विकायच्या, तिसरीवर विचार करायच्या. दुसरीवरून पहिलीवर आजवर एकही सीडी आली नव्हती. उलट दिशेची वाहतूक मात्र जोरात होती. पिक्चर तो कधीच पाहत नसे. पाहिला की सीडी झिजते, आणि झिजलेली सीडी म्हणजे वास मारणारा बांगडा, असं त्याचं मत होतं. सीडी बोटावर अडकवायची, उजेडात तिरकी धरायची, मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसायची, की झाला पिक्चर पाहून.

समुद्राच्या हवेत कव्हरांना बुरशी धरते आणि ती सीड्यांना लागते, म्हणून तो सीड्या वेगळ्या ठेवी आणि कव्हरं वेगळी. जत्रेच्या आदल्या दिवशी बसून तो त्यांची लग्नं लावी. बहुतेक लग्नं बरोबर लागत.

त्याचं स्वतःचं लग्न दोन हजार दोनच्या मे महिन्यात लागलं होतं. शूटिंगवाल्याने दोन सीड्या दिल्या होत्या. त्यांच्यावर निळ्या शाईत ‘भाग १’ आणि ‘भाग २’ याखेरीज काही लिहिलेलं नव्हतं. कुणाचं लग्न ते आपल्याला ठाऊकच आहे, लिहायचं कशाला, असा त्या काळी घरात आत्मविश्वास होता. पुढे प्लेअर आला तेव्हा बघू कधीतरी, म्हणून त्या कपाटात गेल्या त्या गेल्याच.

आता ‘भाग २’ मिळाला होता. ‘भाग १’ही मिळाला होता, पण त्याच्या मधल्या भोकाभोवती बारीक अक्षरात ‘खाडीतला खंजीर’ असं लिहिलेलं होतं. हा पिक्चर आपण गेल्या वर्षी, सात सालच्या आंगणेवाडीच्या जत्रेत विकला, हे गुरुदासला लख्ख आठवत होतं. मग त्याचा पहिला भाग घरात कसा, आणि जत्रेत गेलं ते काय?

तो स्टुलावरून खाली उतरला.

"किशोरी," तो म्हणाला, "जरा बस."

ती बसली नाही. तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "म्हंजे माझ्या बापाशीक तुमी जत्रेत विकलास."

"चुकान गेली गो."

"कितक्याक?"

गुरुदासने किंमत सांगितली नाही. सांगितली असती तर प्रकरण आणखी स्वस्त झालं असतं.

किशोरीचे वडील तुकाराम कोयंडे होडीवरचे माणूस. गेल्या श्रावणात ते वारले. उन्हात डोळे बारीक करून करून त्यांना अशी सवय लागली होती, की कॅमेरा समोर आला की डोळे मिटत. हयातीतल्या एकूण एक फोटोत ते झोपलेले होते. भिंतीवर लावायच्या फोटोला स्टुडिओवाल्याने रंगाने डोळे उघडून दिले, तर ते जप्तीला आलेल्या अंमलदारासारखे दिसू लागले. त्या फोटोला हार घालताना किशोरीच्या आईला भीती वाटे. उघड्या डोळ्यांचे, हलणारे, बोलणारे तुकाराम जगात एकाच ठिकाणी होते, लग्नाच्या पहिल्या भागात. लग्न लागण्याआधी मांडवात त्यांनी गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांदेखत देवाकडे मागणं, घातलं होतं, आणि तेव्हा कॅमेरा आपल्याकडे वळलाय याचा त्यांना पत्ता नव्हता.

"माका त्येंचो आवाज होयो," किशोरी म्हणाली. "बाकी तुमचा कपाट तुमका लखलाभ."

पुढचे तीन दिवस घरात जेवण वेळेवर मिळालं, आणि त्यासोबत एकही शब्द मिळाला नाही.

गिऱ्हाईक शोधणार कसं? मूळ प्रश्न दुसराच होता. मारामारीच्या पिक्चरऐवजी अनोळखी माणसांचं अर्धं लग्न घरी नेलेला माणूस दीड वर्षात तक्रार घेऊन आला कसा नाही? गुरुदासने याचा खूप विचार केला आणि ते गिऱ्हाईक फार सज्जन किंवा फार दूरचं असावं, असा निष्कर्ष काढला.

ते गिऱ्हाईक रोज सकाळी त्याच्यासमोर उभं असे. मासळीच्या टेम्पोचा ड्रायव्हर सत्यवान बागवे, मसुऱ्याचा, बर्फ भरायला येई. बुधवारी लाद्या चढवता चढवता तो सहज म्हणाला,

"गुरुदास, तू कदी पिच्चरात काम केलंस काय रे?"

"कित्याक?"

"आमच्या राधाकाकयेकडे एक पिच्चर आसा. मीच जत्रेतसून नेल्लंय, तुझ्याच टेबलावरसून. त्यात एक बावळट न्हवरो आसा. डिट्टो तू. फक्त बारीक."

गुरुदासच्या हातातली लादी खाली पडली आणि फुटली.

"पिच्चराचा नाव काय?"

"खाडीतलो खंजीर. आमचो अर्धो वाडो बघता. पयलो भाग तर घराघरात पाठ आसा."

दुपारी पाळी संपताच गुरुदास त्याच टेम्पोत बसून मसुऱ्याला गेला.

राधाबाई बागवे सत्तरीच्या. नवरा कधीच गेलेला, मुलगा पुण्याला. भाताची लावणी उरकली होती, आणि गुडघ्याने जागा सोडायला नकार दिल्यामुळे त्या ओटीवर पाय पसरून बसल्या होत्या. आत टीव्हीवर भरतकामाचा रुमाल होता आणि टीव्हीखाली मुलाने पाठवलेला चायनीज प्लेअर, ज्याच्या कंपनीचं नाव कुणालाच वाचता येत नव्हतं.

"सीडीबद्दल इलंय, आये," गुरुदास म्हणाला. "तुमका चुकीची गेल्ली. ती माझी आसा."

"माज्याकडे दीड वर्सा आसा नि तुजी कशी?" राधाबाई म्हणाल्या. "बस आदी. बघ. मगे बोल."

बसणं भाग होतं. राधाबाईंनी रुमाल काढला, सीडी सरकवली आणि पडद्यावर गुरुदासचं लग्न सुरू झालं. सहा वर्षांत तो ते पहिल्यांदा पाहत होता. सोबत राधाबाईंची माहिती चालू होती.

"ही न्हवरेची आत्या. हिका साडी पसंत नाय पडली, बघ त्वांड कसा केला हा. ह्यो जाडगेलो नुसतो जेवच्या वाटेर डोळे लावन आसा."

"तो माझो चुलतो," असं गुरुदास म्हणाला नाही. चुलत्याचे डोळे खरोखरच स्वयंपाकाच्या मांडवाकडे होते.

"नि ह्यो न्हवरो. येंधळो आसा, पण सोभावान बरो वाटता. सारखो वर बघता. काय बघता, देव जाणा."

वर मांडवाचा पंखा होता. त्याचं एक पातं हलत होतं आणि तो आता पडेल की मग, या चिंतेत गुरुदासने स्वतःचं लग्न काढलं होतं. पंखा पडला नाही. बाकी मांडवात काय झालं ते मात्र त्याला आजच कळत होतं.

मग कॅमेरा वळला. तुकाराम कोयंडे नारळ घेऊन उभे होते. डोळे उघडे. इस्त्रीचा शर्ट खांद्यात सैल, बहुधा उसना.

"बा देवा म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!" मांडव म्हणाला. राधाबाईही म्हणाल्या.

"आज तुज्या लेकरांचा लगीन आसा. उणा-अधिक काय पडला तर ता सांबाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माजा चेडू आजपासून दुसऱ्याच्या घरात जाता. तेका हसता-खेळता ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जावय भोळो आसा, पण वस्तू खंय ठेवता ता इसारता. तेच्या हातातसून माजा चेडू तेवडा हरवाक दिव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज नवरदेवाचा होता. तो पंख्याकडे पाहत होता.

साखरपुड्यात अंगठी तासभर सापडली नव्हती, तेव्हापासून सासऱ्यांच्या मनात हे असणार. गुरुदासने फडक्यासाठी खिशात हात घातला. घाम पुसायला, असं तो सत्यवानला म्हणाला.

पडद्यावर आंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि पहिला भाग संपला.

"हयसरच घोळ आसा," राधाबाई म्हणाल्या. "हेच्या फुडे दुसरो भाग लावलो की खंजीर घेवन माणसा धावतत. खाडयेत होडये पेटतत, समदी मरतत. पण ह्या लग्नातला एक माणूस दिसात तर शपथ! पोरगी आंतरपाटाआड उभी रवली ती रवलीच. दीड वर्सा माज्या जीवाक घोर."

"ती बरी आसा, आये."

"तुका काय ठाऊक?"

"लगीन झाला तेंचा."

"तू बघलंस?"

"मी थयसरच होतंय," गुरुदास म्हणाला. सत्यवान तोंड फिरवून हसू लागला. राधाबाईंनी गुरुदासला पोटापासून टकलापर्यंत पाहिलं आणि पडद्यावरच्या नवऱ्याची बाजू घेतली.

"तो बरो होतो," त्या म्हणाल्या. "लगीन झाला म्हणतंस, तर दुसरो भाग आण. झाल्ला दाखय, नि ही ने."

हा व्यवहार गुरुदासला कळण्यासारखा होता. दुसऱ्याच दिवशी तो ‘भाग २’ घेऊन हजर झाला. आंतरपाट दूर झाला, माळा पडल्या, राधाबाईंनी हात जोडले, डोळे पुसले. त्यानंतर पाऊण तास पंगती चालल्या.

"समदी नुसती जेवतत," त्या शेवटी म्हणाल्या. "खंजीरवालो भाग बरो होतो." पण शब्दाला जागून त्यांनी पहिला भाग वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. "संबाळ हां. म्हातारो आसा आत."

घरी येताना गुरुदासला बरं वाटत होतं. सीडी मिळाली होती आणि हातात रविवारपर्यंत तीन दिवस होते. अशा वेळी शहाणा माणूस काहीही करत नाही. गुरुदास संग्राहक होता. सीडी त्याने बोटावर अडकवून उजेडात धरली तर तिच्यावर दीड वर्षाचे ओरखडे. अशा ओरखड्यांवर त्याचा हातखंडा इलाज होता. दातांची पांढरी पेस्ट बोटाने हलके चोळायची, धुवायची, फडक्याने टिपायची. या इलाजाने त्याने मेलेल्या सीड्या उठवल्या होत्या. त्याने सीडी उताणी टेबलावर दाबून धरली आणि मन लावून चोळली. तेवढं मन त्याने लग्नातही लावलं नव्हतं.

ओरखडे गेले. उचलून पाहिली तेव्हा टेबलावर टिकलीएवढा चंदेरी पापुद्रा चिकटून राहिला होता. खाऱ्या हवेने सीडी वरच्या अंगाने पोखरली होती, आणि खालून घासताना वरून सोलवटली होती. त्या टिकलीतून आता पलीकडचा बल्ब दिसत होता.

किशोरीला त्याने हे सांगितलं नाही. टिकलीएवढ्या जागेत असून असून काय असणार?

रविवारी किशोरी न्हाऊन, वेणी घालून टीव्हीसमोर बसली. सीडी वापरायची वेळ आली तर चांगल्यात वापरावी, म्हणून गुरुदासने घेतलेला भारी कंपनीचा प्लेअर घरात होता. त्याने सीडी आत घेतली, बराच वेळ घरघर केली आणि पडद्यावर अक्षरं आणली, डिस्क नाही. गुरुदासने काढून पुसली, पुन्हा लावली. डिस्क नाही. फुंकली, लावली. डिस्क नाही.

किशोरीने वाचलं.

"ह्यां माका ठाऊक होता," ती म्हणाली आणि भात लावायला उठली.

चुलीपाशी जाऊन गुरुदासने तिला पेस्टचं सांगितलं. टिकलीचंही सांगितलं. ती भात ढवळत राहिली. भाताला ढवळायची गरज नव्हती.

"त्या म्हातारेकडे चलत होती मा?" ती जरा वेळाने म्हणाली.

"होती."

"मगे चला थंयसर."

पुढच्या रविवारी दोघं मसुऱ्याला गेली. राधाबाईंनी किशोरीला दारातच ओळखलं.

"गो बाय माजे! आंतरपाटाआडची तू!" त्यांनी तिला हात धरून टीव्हीपाशी नेलं आणि मागून येणाऱ्या गुरुदासकडे पाहून विचारलं, "नि ह्यो खरांच तोच?"

"तोच, आये," किशोरी म्हणाली.

"असो. नशीब."

भारी प्लेअरला स्वाभिमान असतो. तो खराब सीडी वाचत नाही. चायनीज प्लेअरला असलं काही नव्हतं. त्याने दोनदा उचकी दिली आणि लग्न सुरू केलं. आत्या आली, चुलता आला, तुकाराम नारळ घेऊन उभे राहिले. किशोरी पुढे सरकली, टीव्हीला गुडघा लागेल इतकी.

"बा देवा म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा," राधाबाई म्हणाल्या. किशोरीला पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा जमलं. लेकीला हसती-खेळती ठेवायची मागणी झाली आणि तुकाराम पुढचं बोलायला वळले, तोच त्यांचे चौकोन झाले. तोंड एकीकडे, नारळ दुसरीकडे. आवाज गेला. टिकली तिथे होती.

गुरुदास जमिनीकडे पाहू लागला.

"जावय भोळो आसा," राधाबाई बोलू लागल्या. त्यांनी आवाज बदलला नव्हता, नाटक केलं नव्हतं. रोजचं पाठ म्हणावं तसं म्हणत होत्या. "पण वस्तू खंय ठेवता ता इसारता. तेच्या हातातसून माजा चेडू तेवडा हरवाक दिव नको रे म्हाराजा."

चौकोन थरथरत होते.

"व्हय म्हाराजा," किशोरी म्हणाली.

मग चौकोन जुळले आणि तुकाराम नारळ ठेवताना दिसले. त्यांनी मान वर करून नेमकं कॅमेऱ्यात पाहिलं आणि सवयीप्रमाणे डोळे मिटले.

"असा म्हणालेले बाबा?" तिने गुरुदासला विचारलं.

"व्हय."

"तुमका ठाऊक होता?"

"ह्या महिन्यात कळला."

किशोरीने जरा विचार केला. "सीडी हयसरच रवांदे," ती म्हणाली. "आमच्या घरात ती उपाशी मरतली." राधाबाईंनी चहा टाकला. दोन्ही बायका आत्याच्या साडीबद्दल बोलू लागल्या. गुरुदासला कुणी काही विचारलं नाही, म्हणून तो प्लेअरपाशी बसून राहिला.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी किशोरी दुपारी मसुऱ्याला जाते, कधी आईला घेऊन. गुरुदास सोबत जातो आणि सीडी लावायचं काम करतो, कारण फडक्याला हात लावायचा नाही या अटीवर ते त्याच्याकडे दिलेलं आहे. अडचण एकच. मसुऱ्यात त्याच सुमारास भारनियमन असतं. वीज तुकारामांच्या तोंडात वाक्य असताना जाते. आल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावावं लागतं, सीडी पुन्हा फिरते आणि दरवेळी टिकलीच्या कडेने थोडी चांदी उडते. टिकली आता पावलीएवढी झाली आहे. राधाबाईंना दोन वाक्यं जास्त म्हणावी लागतात.

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा गुरुदासने बर्फाच्या कारखान्याच्या टेबलावर बसून, कार्यालयात लिहितात तशा मराठीत, अर्ज लिहिला आणि स्वतः नेऊन दिला. कारकुनाने तो दोनदा वाचला, गुरुदासकडे एकदा पाहिलं आणि आवक क्रमांक टाकला.

प्रति,
मा. कनिष्ठ अभियंता,
वीज उपकेंद्र.

विषय : सासऱ्यांच्या बोलण्याच्या वेळी वीजपुरवठा सुरू ठेवणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, माझे सासरे श्री. तुकाराम कोयंडे (मयत) हे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मौजे मसुरे येथे श्रीमती राधाबाई बागवे यांच्या राहत्या घरी गाऱ्हाणे घालतात. सदर गाऱ्हाण्यास एकूण एक मिनिट चाळीस सेकंद लागतात. त्यापैकी बावीस सेकंद अर्जदाराच्या चुकीमुळे यापूर्वीच नष्ट झालेले असून त्याबाबत अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. तरी उर्वरित एक मिनिट अठरा सेकंद, सासरे बोलत असेपर्यंत, वाडीचा वीजपुरवठा खंडित करू नये, व खंडित करणे अपरिहार्य असल्यास त्यांचे चालू वाक्य पूर्ण होऊ द्यावे, ही नम्र विनंती.